कुठला पाय?

घरून येणारा फोन साधारण एकाच क्रमाने चालतो. जेवलास का, तिकडे पाऊस आहे का, ऑफिसातून किती वाजता येतेस, समोरच्या काकूंच्या मुलाचं ठरलं. आणि मग अगदी शेवटी, फोन ठेवता ठेवता, ‘‘काही नाही गं, पाय जरा सुजतो संध्याकाळचा. वय झालं आता. चालायचंच.’’

सुजलेल्या पायाने चालायचं कसं, हा प्रश्न तेव्हा आपल्याला सुचत नाही. आपण म्हणतो, ‘‘डॉक्टरांना दाखवून घे ना.’’ पलीकडून ‘‘हो, बघते’’ येतं. कॉल संपतो. आपली ड्यूटी झाली, तिची तक्रार संपली, पाय मात्र तसाच.

पुढच्या वेळी फोन ठेवण्याआधी एकच प्रश्न विचारा. फुकट आहे, तीन सेकंदांचा आहे आणि एखाद्या महागड्या चेकअप पॅकेजइतका कामाचा आहे. कुठला पाय? एकच की दोन्ही?

एक की दोन्ही?

दोन्ही पाय सारखेच सुजत असतील, तर कारण बहुतेक वेळा पायात नसतं. हार्ट, किडनी, लिव्हर, थायरॉइड, रक्तातलं प्रोटीन, यातलं काहीतरी बिनसलेलं असू शकतं. कधीकधी तर कारण डब्यातच असतं. बीपीसाठी घराघरात घेतली जाणारी ॲम्लोडिपिन ही गोळी अनेकांचे घोटे सुजवते. (म्हणून ती परस्पर बंद करू नका. डॉक्टरांना विचारा, बदलून मिळते.)

एकच पाय सुजत असेल, तर गोष्ट वेगळी. आता त्याच पायाकडे आणि त्याच्या वरच्या रस्त्याकडे बघायला हवं. खोल शिरेत रक्ताची गुठळी, व्हेरिकोज व्हेन्स, जंतुसंसर्ग, हत्तीरोग, गुडघ्यामागे झालेली पाण्याची गाठ... यादी बरीच मोठी आहे. आणि या यादीच्या तळाशी एक कारण असं आहे, जे घरात तर सोडाच, कित्येकदा दवाखान्यातही कुणाच्या डोक्यात येत नाही. पायाकडून वर जाणारी मोठी शीर ओटीपोटात दाबली गेलेली असणं. आजचा कॉलम तिच्याबद्दल.

पण आधी एक इमर्जन्सी नोट. एकच पाय अचानक, म्हणजे एक-दोन दिवसांत सुजला, दुखतोय, गरम लागतोय, लालसर-निळसर दिसतोय, तर ‘शनिवारी दाखवू’ म्हणू नका. त्याच दिवशी दाखवा. सोबत धाप लागणं, छातीत दुखणं, खोकल्यातून रक्त येणं असं काही असेल, तर थेट हॉस्पिटल. पायातली गुठळी फुप्फुसात जाते तेव्हा अपॉइंटमेंट घेऊन जात नाही.

वर फ्लायओव्हर, खाली गल्ली

आता थोडं प्लंबिंग. हार्टकडून खाली येणारी मुख्य आर्टरी साधारण बेंबीच्या पातळीवर दोन फाट्यांत विभागते, एक उजव्या पायाकडे, एक डाव्या. पायांकडून वर येणाऱ्या दोन मोठ्या व्हेन्स तिथेच थोडं खाली एकत्र येतात. ही दोन जंक्शनं अगदी एकावर एक नाहीत. व्हेन्सचं जंक्शन जरा उजवीकडे सरकलेलं असतं. त्यामुळे डाव्या पायाच्या व्हेनला उजवीकडे यायला आडवं जावं लागतं, आणि ते जाणं होतं नेमकं उजव्या पायाच्या आर्टरीखालून.

म्हणजे बघा, वर फ्लायओव्हर, खाली गल्ली. आणि गल्लीच्या खाली जमीन कसली, तर कमरेचा पाचवा मणका. वरची आर्टरी जाड भिंतीची, हाय प्रेशरची, दिवसाला लाखभर ठोके देणारी. खालची व्हेन पातळ, मऊ, लो प्रेशरची. मध्ये सापडलेल्या माणसाचं जे होतं तेच तिचं होतं. ती चपटी होते. वर्षानुवर्षं ठोके खाऊन काहींच्या व्हेनमध्ये आतून पडदे, पट्टे तयार होतात. रक्त वर जायला वाट अरुंद, म्हणून खाली दाब वाढतो. घोटा सुजतो, पोटरी जड होते, मांडीत भरल्यासारखं वाटतं. आणि जिथे रक्त रेंगाळतं, तिथे गुठळी व्हायचा चान्स वाढतो.

पायातल्या गुठळ्या डाव्या बाजूला जास्त होतात, हे जर्मन डॉक्टर रुडॉल्फ फिर्खो यांनी १८५१ मध्येच नोंदवलं होतं. १९५७ मध्ये ऑस्ट्रियातल्या रॉबर्ट मे आणि जोसेफ थर्नर या दोघांनी ४३० मृतदेह तपासले, तेव्हा सुमारे २२ टक्क्यांमध्ये त्याच जागी व्हेनच्या आत हे पट्टे सापडले. म्हणून या प्रकाराला मे-थर्नर सिंड्रोम म्हणतात. लंडनच्या फ्रँक कॉकेट यांनी १९६५ मध्ये जिवंत रुग्णांमधलं हेच चित्र मांडलं, म्हणून काही ठिकाणी कॉकेट सिंड्रोमही म्हणतात. रिपोर्टवर यातलं कुठलंही नाव दिसलं तर घाबरू नका, एकाच गल्लीचे दोन पत्ते आहेत.

हा तर तरुणांचा आजार ना?

पुस्तकात तसंच लिहिलेलं असतं. वीस ते चाळीस वयाची बाई, डावा पाय, बाळंतपणानंतर किंवा लांबच्या प्रवासानंतर अचानक सूज. त्यामुळे सत्तर ओलांडलेली व्यक्ती समोर बसली की हे नाव पटकन आठवत नाही. गुडघे बघितले जातात, शुगर बघितली जाते, ‘वजन कमी करा’ सांगितलं जातं.

खरं तर म्हातारपणी ही शीर दाबायला कारणं वाढतात. आर्टरीज कडक होतात, त्यांच्यात कॅल्शियम साठतं, त्या वेड्यावाकड्या होतात. मणके झिजतात, त्यांच्या कडांवर हाडाची टोकं वाढतात, एखादा मणका पुढे सरकतो. म्हणजे फ्लायओव्हर खाली आला आणि रस्ता वर उचलला गेला. मधल्या गल्लीचं काय होणार? या वयात प्रकार फक्त डाव्या बाजूचाही राहत नाही, उजवी बाजूही सापडू शकते.

त्यात आणखी एक गंमत आहे. पायातलं रक्त वर ढकलायचं मोठं काम करते पोटरी. आपण चालतो, पोटरीचा स्नायू आवळतो, रक्त वर जातं. वय वाढलं, गुडघे दुखायला लागले, चालणं कमी झालं की हा पंप मंदावतो. शिरांमधल्या झडपाही सैल झालेल्या असतात. मग जो अडथळा शरीराने तीस-चाळीस वर्षं आजूबाजूच्या छोट्या शिरांमधून वाट काढून सांभाळून घेतला, तो आता जाणवायला लागतो. गुडघा बदलल्यावर किंवा खुब्याच्या फ्रॅक्चरनंतर माणूस आठवडे पडून राहिला, तर गुठळीचं निमित्त मिळतं.

म्हणून समजा, कराडकडची एक काकू आहे. वय ७२. डावा पाय संध्याकाळी सुजतो, सकाळी जरा कमी. घोट्याच्या आतल्या बाजूला कातडी काळवंडलीय. तिथेच एक जखम आहे, जी भरते, पुन्हा उघडते. वर्षभर मलम, ड्रेसिंग आणि ‘शुगरमुळे असेल’ चाललंय. शुगरमुळे असेलही. पण एकाच पायाची सूज, काळवंडलेली कातडी आणि घोट्याच्या आत न भरणारी जखम, ही तिन्ही एकत्र दिसली की शिरांची तपासणी व्हायला हवी. आणि ती पोटरीपाशी थांबायला नको, ओटीपोटापर्यंत जायला हवी.

यात एक गंभीर बाबही आहे. वयस्कर माणसाचा एकच पाय नव्याने सुजला, तर शीर दाबणारी गोष्ट ओटीपोटातली गाठ, फुगलेली आर्टरी किंवा लघवी अडकून तुंबलेली पिशवीही असू शकते. म्हणजे सूज हा मेसेज असतो, पाठवणारा दुसराच कुणीतरी. म्हणूनच ‘वय झालं’ हे निदान होऊ शकत नाही.

दाबलेली शीर म्हणजे आजार नव्हे

आता ब्रेक. इथवर वाचून आईला लगेच सीटी स्कॅनच्या रांगेत उभं करायचा विचार असेल, तर हे आधी वाचा.

२००४ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी अशा ५० जणांचे सीटी स्कॅन बघितले, ज्यांना पायाची काहीच तक्रार नव्हती. स्कॅन भलत्याच कारणासाठी काढलेले होते. त्यातल्या २४ टक्के लोकांची डावी शीर निम्म्याहून अधिक दाबलेली निघाली. ६६ टक्के लोकांमध्ये दाब पाव भागाहून जास्त होता. म्हणजे ठणठणीत चालणाऱ्या चौघांपैकी जवळपास एकाची शीर रिपोर्टवर ‘निम्मी बंद’!

थोडक्यात काय, रिपोर्टमध्ये दाब दिसला म्हणून इलाज करायचा नसतो. पाय त्रास देतोय, त्रासाची इतर कारणं तपासून झालीत आणि दाब खरंच मोठा आहे, हे तिन्ही जुळलं तरच पुढचं बोलणं. त्रास नसलेल्या पायाची शीर ‘सापडलीच आहे तर उघडून टाकू’ असं कुणी म्हणालं, तर नम्रपणे फाइल उचला आणि दुसऱ्या डॉक्टरांकडे जा.

शोध कसा घेतात?

पहिली पायरी डॉपलर सोनोग्राफी. सुई नाही, रेडिएशन नाही, खर्च कमी. गुठळी आहे का, झडपा गळतात का, हे तिथेच कळतं. अडचण एवढीच, की ओटीपोटात खोलवर, आतड्यातल्या गॅसच्या पलीकडे डॉपलरला नीट दिसत नाही. पायाचा डॉपलर नॉर्मल आला म्हणजे वरची शीरही मोकळी आहे, असं धरून चालत नाही.

दुसरी पायरी सीटी किंवा एमआर व्हेनोग्राफी. यात शीर, आर्टरी, मणका आणि गाठ असलीच तर गाठ, सगळं एका चित्रात येतं. सीटीमध्ये डाय देतात, म्हणून आधी क्रिएटिनिन बघायचं. वयस्कर किडनीला डाय झेपेल ना, हा प्रश्न विचारायलाच हवा.

तिसरी पायरी शिरेच्या आतली सोनोग्राफी, डॉक्टरांच्या भाषेत आयव्हस. बारीक नळीच्या टोकाला सोनोग्राफीचा प्रोब असतो, तो शिरेच्या आतून फिरवतात आणि आतून गोलाकार चित्र मिळतं. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १०० रुग्णांच्या व्हिडिओ नावाच्या अभ्यासात दिसलं, की नेहमीच्या डाय घालून काढलेल्या फोटोत जे अडथळे निसटतात, ते आयव्हसमध्ये सापडतात. वयस्करांना याचा डबल फायदा आहे, कारण डाय कमी लागतो. ही पायरी मात्र सहसा इलाजाच्या टेबलावरच होते, आधी वेगळी नाही.

रिफिलएवढी वाट

पूर्वी यावर इलाज म्हणजे पोट उघडून किंवा जांघेत कापून केलेली बायपास. १९६० मध्ये उरुग्वेच्या एदुआर्दो पाल्मा यांनी चांगल्या पायाची शीर दुसऱ्या पायाकडे वळवून जोडण्याची पद्धत मांडली. कल्पना भारी, पण पंच्याहत्तरीच्या हार्ट पेशंटला एवढं मोठं ऑपरेशन कोण सुचवणार? म्हणून बहुतेक वयस्करांच्या वाट्याला मोजे, मलम आणि ‘सांभाळून राहा’ एवढंच यायचं.

आता जे करतात ते असं. शक्यतो पूर्ण भूल नाही. जागा बधिर करतात आणि गुंगीचं थोडं औषध देतात. सोनोग्राफीत बघत मांडीच्या किंवा गुडघ्यामागच्या शिरेत सुई टाकतात. त्या वाटेने तार, आणि तारेवरून बॉलपेनच्या रिफिलएवढ्या जाडीची नळी. आयव्हसने आतून पाहणी करून अडथळा कुठे सुरू होतो, कुठे संपतो हे ठरतं. मग तिथे फुगा फुगवून वाट रुंद करतात. पण नुसता फुगा पुरत नाही. वरची आर्टरी आहे तिथेच आहे, फुगा काढला की शीर पुन्हा चपटी. म्हणून जाळीची नळी, म्हणजे स्टेंट, कायमचा बसवतात. पुन्हा फुगा, पुन्हा आतून चेक, नळी बाहेर, छिद्रावर थोडा वेळ दाब. टाके जवळपास नाहीतच. साधारण तासाभराचं काम असतं, अडथळा जुना आणि लांब असेल तर जास्त वेळ लागतो. बहुतेक जण त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी उठून चालतात. कमरेत काही दिवस दुखतं. स्टेंट मण्याच्या पुढ्यातच बसलेला असतो, त्यामुळे त्याचं टेन्शन घेऊ नका.

‘स्टेंट? म्हणजे बाबांना हार्टला बसवला तोच?’ नाही. हार्टचा स्टेंट साधारण अडीच ते चार मिलिमीटरचा. हा चांगला १४ ते १८ मिलिमीटरचा, अंगठ्याच्या जाडीचा. आणि त्याला वरच्या आर्टरीचा दाब आयुष्यभर झेलायचा असतो. कित्येक वर्षं डॉक्टर दुसऱ्या कामासाठी बनलेले स्टेंट इथे वापरत होते. खास शिरांसाठी बनवलेल्या स्टेंटना अमेरिकेत २०१९ पासून मंजुरी मिळायला लागली. त्यातले दोन प्रकार २०२१ मध्ये बाजारातून परतही मागवले गेले. एकात स्टेंट जागेवरून सरकण्याचा धोका दिसला होता, दुसऱ्यात तो नीट न उघडण्याचा. म्हणून कुठला स्टेंट, कुठल्या मापाचा, हे डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या. फोनच्या बिलाची पावती सांभाळतो, तसा त्याचा स्टिकर सांभाळा.

आकडे काय म्हणतात?

या इलाजाचा सर्वात जुना, मोठा अनुभव अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यातल्या जॅक्सन शहरातून आला. तिथल्या पीटर नेग्लेन, शेषाद्री राजू आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये स्टेंट बसवलेल्या ९८२ पायांचा हिशेब प्रसिद्ध केला. सहा वर्षांनंतर, पुन्हा काही करावं न लागता, फक्त दाब असलेल्यांपैकी ७९ टक्के स्टेंट उघडे होते. ज्यांच्या शिरेत आधी गुठळी होऊन गेली होती, त्यांच्यात हा आकडा ५७ टक्के होता. म्हणजे गुठळी होण्याआधी पकडलेला पाय फायद्यात. ‘वय झालं’ म्हणून घालवलेल्या वर्षांची किंमत या दोन आकड्यांच्या मधल्या फरकात दिसते.

त्याच हिशेबातली आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. पाच वर्षांनी दुखणं पूर्ण थांबलेले ६२ टक्के, सूज पूर्ण गेलेले मात्र ३२ टक्केच. न भरणाऱ्या जखमांपैकी ५८ टक्के भरल्या. तेव्हा ‘पाय एकदम पहिल्यासारखा होईल’ असं कुणी प्रॉमिस करत असेल, तर ते जाहिरातीत शोभतं. दुखणं कमी होणं, जखम भरणं, बाजारापर्यंत चालत जाता येणं, अपेक्षा एवढी ठेवा. ही काही कमी नाही.

या वयात कशाला?

हे वाक्य तीन तोंडांतून येतं. आई म्हणते, कारण तिला तुमचा खर्च वाचवायचाय. नातेवाईक म्हणतात, कारण त्यांना काहीतरी म्हणायचं असतं. आणि कधी डॉक्टरही म्हणतात.

राजू यांच्याच टीमने २०१५ मध्ये ऐंशी ओलांडलेल्या रुग्णांचा वेगळा अनुभव मांडला, तो नेमका या वाक्यावर होता. सूर असा, की नुसत्या वयाच्या आकड्यावरून हा इलाज नाकारू नये. आणि ते पटण्यासारखं आहे. ७८ वर्षांच्या माणसाला मॅरेथॉन पळायची नसते. त्याला रात्री झोप हवी असते, बाथरूमपर्यंत आधाराशिवाय जायचं असतं, एसटीत पाय खाली सोडून तीन तास बसता यायला हवं असतं. पाय सुजला की चालणं बंद, चालणं बंद की पोटरीचा पंप बंद, मग तोल जातो, पडण्याची भीती, घराबाहेर जाणं बंद. माणूस खुर्चीला चिकटतो तो असा, एकेक पायरीने.

पण वयाचा हिशेब अजिबात करायचा नाही, असंही नाही. स्टेंटनंतर रक्त पातळ करणारी औषधं काही महिने, कधी त्याहून जास्त घ्यावी लागतात. सत्तरीनंतर रक्तस्रावाचा धोका वाढलेला असतो. पोटात अल्सर होऊन गेलाय का, वारंवार पडतात का, किडनी कशी आहे, हार्टसाठी आधीच दुसऱ्या गोळ्या चालू आहेत का, हे सगळं तराजूत येतं. ताज्या गुठळीतही ‘आत जाऊन सगळी विरघळवून टाका’ हे सरसकट करायचं नसतं. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ॲट्रॅक्ट या ६९२ रुग्णांच्या अभ्यासात, सगळ्यांवर तसं केल्याने पुढे पाय कायमचा सुजका राहण्याचं प्रमाण एकंदरीत कमी झालं नाही, रक्तस्राव मात्र वाढला. छिद्र छोटं आहे म्हणून निर्णयही छोटा, असं नसतं.

आणि स्टेंट नको असं ठरलं, तरी हात जोडून बसायचं कारण नाही. मापाचे कॉम्प्रेशन मोजे सकाळी उठल्या उठल्या चढवायचे, पण आधी पायाच्या आर्टरीज मोकळ्या आहेत का हे तपासून, नाहीतर मोजेच पायाला अपाय करतील. दिवसातून दोन-तीनदा पाय छातीपेक्षा वर ठेवून पडायचं. चालायचं, अगदी घरातल्या घरात का होईना. बसल्या बसल्या टाचा वर-खाली करायच्या. जखम असेल तर योग्य पट्टी बांधायला शिकून घ्यायची. कंटाळवाणं आहे, पण काम करतं.

खर्चाचं काय?

फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारने स्टेंटच्या किमतींवर मर्यादा आणली, ती हार्टच्या स्टेंटपुरती. त्या हिशेबाने हे एस्टिमेट बघायला जाल तर धक्का बसेल. त्यामुळे स्टेंट, फुगा, आयव्हसचा प्रोब, यांचे दर वेगवेगळे लिहून मागा. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारतमध्ये वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंतचं कव्हर मिळतं. ही प्रोसिजर त्यात बसते का आणि ते हॉस्पिटल योजनेत आहे का, हे आधी विचारा. तुमच्या कंपनीच्या पॉलिसीत आई-बाबा असतील, तर एचआरला एक मेल टाका. अप्रेझलपेक्षा लवकर उत्तर येईल.

फाइल घेऊन जाताना

डॉक्टर कुठले? व्हॅस्क्युलर सर्जन किंवा इंटरव्हेन्शनल रेडिऑलॉजिस्ट. आणि सोबत हे प्रश्न, फोनमध्ये टाइप करूनच न्या:

१. सूज या दाबामुळेच आहे हे कशावरून? बाकी कुठली कारणं तपासली?

२. ओटीपोटात गाठ नाही ना, हे बघितलं का?

३. मोजे आणि चालणं यांचा नीट प्रयत्न झालाय का? आणखी काही महिने तोच केला तर काय बिघडेल?

४. आयव्हस वापरणार का? अशा किती प्रोसिजर वर्षभरात करता?

५. रक्त पातळ करणारी गोळी कुठली, किती दिवस, आणि चालू असलेल्या गोळ्यांबरोबर जमेल का?

६. स्टेंट पुन्हा बंद झाला तर पुढे काय? नंतरच्या डॉपलर कधी कधी?

उत्तरं शांतपणे देणारा डॉक्टर मिळाला तर अर्धं काम झालं.

आता या वीकएंडचं होमवर्क. घरी जात असाल तर उत्तम, नाहीतर व्हिडिओ कॉल आहेच. शिंप्याची टेप घ्या. गुडघ्याखाली पुढच्या हाडाचा जो उंचवटा लागतो, तिथून १० सेंटिमीटर खाली दोन्ही पोटऱ्यांचा घेर मोजा. फरक ३ सेंटिमीटरपेक्षा जास्त असेल, तर डॉक्टरांना तो आकडा सांगा. ‘जरा सुजतो’ यापेक्षा आकड्याला वजन असतं. नडगीवर अंगठा दहा सेकंद दाबून धरा, खळगा राहतो का बघा. घोट्याच्या आतल्या बाजूची कातडी बघा. एक फोटो सकाळी काढा, एक संध्याकाळी.

आई पटकन पाय दाखवणार नाही. साडी खाली ओढेल, ‘तुला काय कळतंय त्यातलं’ म्हणेल, विषय बदलून चहा टाकायला उठेल. बाबा तर पायमोजेसुद्धा काढणार नाहीत. हट्ट धरा. तुम्ही लहान असताना त्यांनी तुमचं ढोपर फुटलं तेव्हा विचारून थोडंच बघितलं होतं?